आपलं लिहिलेलं तपासताना

लेख लिहून झाला की बहुतेक जण तो तीन-चार वेळा 'नजरेखालून घालतात' आणि पाठवून देतात. छापून आल्यावर पहिल्याच परिच्छेदात 'महत्व' दिसतं, पुढे एके ठिकाणी 'आणि आणि' दिसतं, आणि ज्यांच्याविषयी एवढ्या आदराने लिहिलं त्या गुरुजींचा उल्लेख 'त्याचे विद्यार्थी' असा झालेला असतो. चुका राहिल्या याचं एवढं नवल नाही. नवल याचं, की हाच मजकूर पाठवण्याआधी तीन-चार वेळा वाचलेला होता. 'पुढच्या वेळी जास्त लक्ष देऊन वाचेन' असा निश्चय मग होतो आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच घडतं, कारण कमी पडलेली गोष्ट लक्ष ही नसतेच.

वाचताना आपली नजर ओळीवरून सरळ सरकत जात नाही. ती उड्या मारते. एका शब्दावर क्षणभर टेकते, एखाद-दोन बारके शब्द ओलांडते, पुढच्या शब्दावर जाते. मधलं मेंदू अंदाजाने भरून काढतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पिल्सबरी यांनी १८९७ साली लोकांना क्षणभर असे शब्द दाखवले, की ज्यांतलं एखादं अक्षर गाळलेलं किंवा बदललेलं होतं. पुष्कळांनी ते शब्द मुळात जसे असायला हवेत तसेच वाचले. सुट्या शब्दांबाबत ही गत, तर ज्या मजकुरातलं पुढचं वाक्य आधीच ठाऊक आहे तिथे काय होत असेल? कॅनडातल्या मेरेडिथ डेनमन आणि मरे स्टेन्टन या संशोधकांनी १९९३ साली हेच तपासलं. दुसऱ्याच्या निबंधातल्या चुका जितक्या सापडतात तितक्या स्वतःच्या निबंधातल्या सापडत नाहीत, असं त्यांना आढळलं. स्वतःचं लेखन आपण वाचतो तेव्हा कागदावरचं थोडं आणि डोक्यातलं पुष्कळ वाचत असतो.

म्हणून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे. आपलं लेखन नुसतं पुन्हा पुन्हा वाचण्यात वेळ घालवू नका. ते आधी स्वतःला थोडं परकं करून घ्या आणि मग त्यात एका वेळी एकच गोष्ट ठरवून शोधा.

त्याआधी कामाचा क्रम. संपादन आणि मुद्रितशोधन ही दोन वेगळी कामं आहेत. संपादनात मजकूर हलतो: परिच्छेद मागेपुढे होतात, वाक्यं तुटतात, गळतात. मुद्रितशोधनात मजकूर जागच्या जागी असतो; अक्षरं, चिन्हं आणि मोकळ्या जागा तेवढ्या पाहायच्या असतात. घरी लिहिणारे लोक दोन्ही एकाच बैठकीत करतात आणि दोन्ही बिघडवतात. ज्या परिच्छेदाच्या वेलांट्या दुरुस्त करण्यात अर्धा तास गेला तो परिच्छेद गाळायचा म्हटलं की जिवावर येतं. मग गाळायला हवा असूनही तो राहतो. वेलांट्यांकडे पहिल्या दिवशी बघूच नका.

संपादन करताना पहिला परिच्छेद हाताने झाकून लेख वाचायला घ्या. लेख तरीही समजत असेल, तर पहिला परिच्छेद म्हणजे गायकाने मैफिलीआधी खाकरून घसा साफ करावा तसा प्रकार होता. 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' किंवा 'माणूस हा समाजशील प्राणी आहे' ही वाक्यं वाचकासाठी लिहिलेलीच नसतात. लिहायला सुरुवात व्हावी म्हणून लेखकाने ती स्वतःसाठी लिहिलेली असतात. त्यांचं काम झालेलं आहे, ती काढून टाका.

मग सर्वनामं. छापील प्रतीवर 'तो', 'ती', 'हे', 'तिथे', 'वरील' या प्रत्येक शब्दाभोवती पेन्सिलीने गोल करा आणि तो कोणासाठी आला आहे ते मागच्या वाक्यात बोट ठेवून दाखवा. बोट दोन नावांवर पडत असेल तर सर्वनाम काढून नाव लिहा. हे कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही. कारण तुमच्या डोक्यात तो 'तो' कोण हे इतकं स्पष्ट असतं, की नुसतं वाचून संशय येतच नाही. गावाच्या वाचनालयाचा इतिहास लिहिणाऱ्याला 'अण्णांनी खोली दिली' यातले अण्णा ठाऊक असतात. नागपूरला बसून तो लेख वाचणाऱ्याला अण्णा भेटलेले नाहीत. 'वर म्हटल्याप्रमाणे' या शब्दांपाशी तर थांबाच. वर जे म्हटलं होतं ते तुम्ही काल गाळलेलं असण्याची शक्यता बरीच असते.

मराठी वाक्याची एक खास अडचण आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं. लिहिणाऱ्याला ते पहिल्या शब्दापासून माहीत असतं, त्यामुळे मधे कितीही विशेषणं भरली तरी त्याचा श्वास अडकत नाही. वाचक मात्र शेवटपर्यंत सगळं हातात धरून उभा असतो. अहवालांत आढळणारं हे वाक्य बघा: 'वाचनालयाच्या वतीने गेल्या वर्षी जून महिन्यात आयोजित करण्यात आलेल्या बालवाचकांसाठीच्या शिबिरामध्ये सहभागी झालेल्या मुलांपैकी बहुतांश मुलांनी नंतरच्या काळातही नियमितपणे वाचनालयात येणे सुरू ठेवल्याचे दिसून आले.' यात व्याकरणाची एकही चूक नाही. तरीही ते मोडायला हवं: 'गेल्या जूनमध्ये वाचनालयाने मुलांसाठी शिबिर घेतलं. त्यातली बरीचशी मुलं नंतरही नेमाने येत राहिली.' अशी वाक्यं शोधायची सोपी युक्ती म्हणजे प्रत्येक पूर्णविरामाखाली रंगीत खूण करणं. मग कागद लांब धरून बघा. ज्या भागात खुणा विरळ दिसतील तिथे वाक्यं तोडायची आहेत. मजकूर न वाचताच हे काम होतं, हा त्याचा मोठा फायदा.

'करण्यात आले', 'च्या माध्यमातून', 'च्या अनुषंगाने', 'दिसून येते' हे शब्दसमूह संगणकाच्या 'शोधा' या सोयीने एकेक करून शोधा. पंचायत समितीच्या पत्रात ते शोभतात. आजीच्या आठवणी लिहिताना नाही. प्रत्येक लेखकाचे काही लाडके शब्दही असतात. कोणाचा 'मात्र', कोणाचं 'खरं तर', कोणाचं 'एकूणच'. ते स्वतःला कधीच ऐकू येत नाहीत, त्यामुळे आपले कोणते हे घरातल्या माणसांना विचारा. ते तत्काळ सांगतील.

आता एका अशा चुकीविषयी, जिच्याबद्दल फारसं कोणी सावध करत नाही. छापील मजकुरात राहणाऱ्या चुकांपैकी बऱ्याच चुका मूळ लेखनात नसतात; त्या दुरुस्ती करताना शिरतात. समजा तुम्ही लिहिलं होतं: 'या भागातली पाण्याची समस्या आता गंभीर बनली असून ती सोडवण्यासाठी ग्रामस्थ पुढे आले आहेत.' दुसऱ्या वाचनात 'समस्या' शब्द खटकला म्हणून तुम्ही 'प्रश्न' केलात. शेजारचं 'पाण्याची' बदलून 'पाण्याचा' केलंत, कारण ते लगेच कानाला टोचलं. पण 'गंभीर बनली' आणि 'ती' तशीच राहिली, आणि 'या भागातली'सुद्धा. मराठीत एका नामाचं लिंग बदललं की विशेषण, सर्वनाम, क्रियापद असं सगळं वाक्य हलतं. त्यामुळे नियम असा ठेवा: एक शब्द बदलला तरी ते संपूर्ण वाक्य पहिल्या शब्दापासून पूर्णविरामापर्यंत पुन्हा वाचायचं, आणि त्याच्या पुढचं वाक्यही. 'तो', 'ती', 'ते' बहुधा तिथे लपलेले असतात.

'सगळीकडे बदला' हे बटण त्याहून धोक्याचं. 'कर' या शब्दाच्या जागी सगळीकडे 'शुल्क' घालायचं ठरवून कोणी ते बटण दाबलं, तर 'चर्चा करण्यात आली'चं 'चर्चा शुल्कण्यात आली' होतं. प्रत्येक ठिकाण बघून, एकेक करून बदला.

संपादन झालं की मजकूर बाजूला ठेवा. किती दिवस? दिवाळी अंकाचा लेख असेल तर आठवडाभर तरी, सोसायटीची सूचना असेल तर एक चहा होईपर्यंत. वेळच नसेल तर निदान रूप पालटा. पडद्यावर लिहिलं असेल तर कागदावर काढा. तेही शक्य नसेल तर फॉन्ट बदला, अक्षर मोठं करा आणि समास एवढे आत घ्या, की एका ओळीत सहा-सात शब्दच राहतील. ओळी वेगळ्या जागी तुटल्या की नजरेची सवय मोडते, आणि ओळीच्या शेवटी व पुढच्या ओळीच्या सुरुवातीला आलेला दुहेरी 'आणि' एकदम समोर येतो.

मुद्रितशोधनाला बसताना कान आणि डोळा यांची कामं वाटून द्या. मोठ्याने वाचण्याचा सल्ला सगळेच देतात, आणि तो चांगलाच आहे. गळलेला शब्द, पुन्हा आलेला शब्द, लंगडं वाक्य, चुकलेलं लिंग हे कानाला कळतं. स्वतः वाचताना जीभही डोक्यातलंच वाचते, म्हणून फोनमधल्या किंवा संगणकातल्या मराठी आवाजाकडून मजकूर वाचून घ्या आणि हातात कागद धरून ऐका. त्या आवाजाला तुमच्या मनातलं काही माहीत नसतं. तुम्ही जे टंकलं तेच तो बोलतो. पण कानाच्या मर्यादाही ओळखा. आपल्या बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पुष्कळदा ऐकूच येत नाही. 'परिक्षा' आणि 'परीक्षा', 'दुरूस्ती' आणि 'दुरुस्ती' कानाला सारखेच. 'महत्व' आणि 'महत्त्व' यांतही उच्चारावरून निवाडा होत नाही. ती कामं डोळ्याची, आणि डोळ्याला ती वाचनाच्या ओघात जमत नाहीत. त्यासाठी लेख शेवटाकडून घ्या: शेवटचं वाक्य, मग त्याआधीचं, मग त्याआधीचं. खालच्या ओळी पोस्टकार्डाने झाका. अर्थाचा धागा तुटला, की अक्षरं दिसू लागतात.

अनुस्वारासाठी एक फेरी वेगळी ठेवा. 'ध'चा 'मा' करण्याची गोष्ट अशा लेखांत हटकून येते. पण ती खरी मानली तरी तो बदल कोणी समजून उमजून केला होता. आपल्याकडून होतं ते नकळत, आणि बहुधा एका टिंबाने. 'त्याचे' आणि 'त्यांचे', 'घरात' आणि 'घरांत' हे सगळे शब्द आपापल्या जागी बरोबर आहेत. म्हणून संगणकाचा शब्दतपासनीस त्यांच्याखाली लाल रेघ ओढत नाही. मुख्याध्यापिकाबाईंच्या निरोप समारंभाच्या लेखात एका टिंबाने त्यांचा आदर जातो, आणि यंत्राला त्याचं काही नसतं.

तपासनीस वापरू नका असं मी म्हणत नाही. त्याच्यावर विसंबू नका. मराठीत एकेका नामाला सामान्यरूप होतं, त्याला प्रत्यय लागतात, शब्दयोगी अव्ययं जोडली जातात, वर 'च' आणि 'सुद्धा' येतात. इतकी रूपं कोणत्याही यादीत मावणं कठीण. त्यामुळे तपासनीस बरोबर शब्दांखाली रेघा ओढतो आणि 'दीन दुबळ्यांची सेवा' ऐवजी 'दिन दुबळ्यांची सेवा' लिहिलं तर गप्प बसतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबाबत एवढंच सांगेन: त्यांना 'सुधारून दे' म्हणू नका, 'चुका दाखव' म्हणा. सुधारायला सांगितलं की ती तुमचं वाक्य गुळगुळीत करून परत देतात, आणि कोकणातल्या आजोबांच्या तोंडी वर्तमानपत्रातली मराठी येते.

टंकलेखनातून येणाऱ्या काही चुका शोधून पकडता येतात. 'शोधा'च्या चौकटीत 'र्या' टंका. जिथे 'दुसऱ्या', 'बिचाऱ्या', 'करणाऱ्या' हवं तिथे 'दुसर्या', 'बिचार्या', 'करणार्या' झालेलं सापडेल. फरक किरकोळ वाटत असेल तर 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे शब्द बघा: पहिल्यांना व्यासपीठावर बसवायचं असतं, दुसऱ्यांना स्वयंपाकघरात. दर्या आणि दऱ्या यांचंही तेच. इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'र'च्या कळीवर शिफ्ट दाबून 'ऱ' उमटतो. तो पाय मोडून 'य'ला जोडायचा. मग चौकटीत आधी एक मोकळी जागा आणि तिच्यापुढे 'साठी' टंका. तसंच 'मुळे', 'पासून', 'समोर'. मोबाइलवर लिहिणाऱ्यांच्या मजकुरात 'कामा साठी', 'त्या मुळे', 'घरा समोर' असे तुकडे खंडीभर निघतात, कारण सुचवलेला शब्द निवडला की कळफलक पुढे आपणहून जागा सोडतो.

बोलीतली रूपं आणि लेखी रूपं यांची सरमिसळही याच वेळी बघा. 'केलं, असं, म्हटलं' लिहायचं की 'केले, असे, म्हटले', हे आधी ठरवा. दोन्ही चालतं. एका परिच्छेदात हे आणि दुसऱ्यात ते, असं केलं तर लेख दोघांनी लिहिल्यासारखा वाटतो.

शुद्धलेखनाच्या बाबतीत एक शिस्त पाळा. शंका आली की ओळखीच्या माणसाला फोन करू नका, कोश उघडा. मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेले चौदा नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. सगळं प्रमाणलेखन या अठरा नियमांवर उभं आहे. तरीही 'नांव', 'कांहीं' असं लिहिणारे आजही भेटतात. लहानपणी वाचलेली जुनी पुस्तकं हाताच्या सवयीतून जात नाहीत. मो. रा. वाळंबे यांचं 'मराठी शुद्धलेखन प्रदीप', अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश', यास्मिन शेख यांचा 'मराठी शब्दलेखनकोश', यांपैकी एक तरी टेबलावर हवा. आणि जो घ्याल तोच शेवटपर्यंत पाळा.

कोशापेक्षाही उपयोगी पडते ती स्वतःच्या चुकांची यादी. माणूस सगळे शब्द चुकवत नाही. ठरावीक शब्द ठरावीक तऱ्हेने चुकवतो. कोणी 'पारंपारिक' लिहितो, कोणी 'सहस्त्र', कोणी 'आर्शिवाद', कोणी 'उज्वल'. कोणाला 'पूल, पुलावर' आणि 'मूल, मुलाला' हे कळलेलं असतं, म्हणून तो 'जीवन' आणि 'जिवनात' लिहितो. तत्सम शब्दांना हा नियम लागू नाही आणि 'जीवन, जीवनात' दोन्हीकडे दीर्घच राहतं, हे त्याच्या ध्यानात नसतं. संपादकाने किंवा वाचकाने दाखवलेली प्रत्येक चूक वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. पुढचा लेख झाला की त्या यादीतला एकेक शब्द मजकुरात शोधा. लेखाच्या तपासणीला लागणारा वेळ याने निम्म्यावर येत नसेल कदाचित, पण त्याच चुका दहा वर्षं करत राहणं तरी थांबतं.

नावं, आकडे आणि तारखा यांचं वाचन करायचंच नसतं. त्या मूळ कागदाशी ताडून बघायच्या असतात. निमंत्रणपत्रिकेवर 'शनिवार, १५ ऑगस्ट २०२५' असं लिहिलेलं कितीही वेळा वाचा, चूक दिसणार नाही. पंचांग किंवा कॅलेंडर उघडलं तरच कळेल, की त्या दिवशी शुक्रवार होता. 'पुढील चार कारणं' म्हटलं असेल तर बोटांवर कारणं मोजा. शीर्षक, उपशीर्षक, छायाचित्राखालची ओळ आणि फोन नंबर हे अक्षर अक्षर सुटं करून वाचा. मोठ्या अक्षरातल्या चुका सर्वांत जास्त निसटतात, कारण शीर्षक बरोबरच असणार असं सगळे गृहीत धरतात.

खिळ्यांच्या छापखान्यात मुद्रितं तपासताना दोन माणसं बसत. एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा, स्वल्पविराम आणि पूर्णविरामसुद्धा उच्चारून. दुसरा कच्च्या मुद्रितावर नजर ठेवायचा. कौटुंबिक स्मरणिका, देणगीदारांची यादी, वंशावळ असलं काही असेल तर आजही याला तोड नाही. घरातल्या कोणाला तरी अर्धा तास बसवा.

आणि लेख दुसऱ्याला वाचायला देता तेव्हा "कसा वाटला?" असं विचारू नका. उत्तर "छान" हेच येतं. त्याऐवजी "कुठे दोनदा वाचावं लागलं?" आणि "कुठे कंटाळा आला?" हे विचारा, आणि तो सांगत असताना स्वतःची बाजू मांडू नका. वाचक अडला असेल तर तुमचं स्पष्टीकरण छापील पानावर त्याच्या शेजारी बसायला येणार नाही. पुस्तक काढणार असाल तर मुद्रितशोधकाचे पैसे अंदाजपत्रकात आधीच धरा. मुखपृष्ठावर हजारो रुपये खर्चून मुद्रितशोधनाचं काम ओळखीच्या शिक्षकाकडून फुकट करून घेणं ही काटकसर नाही.

निर्दोष प्रत पाठवली म्हणजे सुटलो, असंही समजू नका. पानं लावताना मजकूर जुन्या फॉन्टमध्ये गेला आणि परत आला, की रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात, परिच्छेद तुटतात, टीप भलत्या पानावर जाते. अंतिम पीडीएफ मागून घ्या आणि ती निदान एकदा पाहा.

कुठे थांबायचं याचीही खूण आहे. काल काढलेला स्वल्पविराम आज परत घालायला लागलात, की हातातलं काम संपलेलं आहे. लेख पाठवून द्या. छापून आल्यावर एखादी चूक दिसेलच. ती यादीत लिहा.